शाळूला दिलेलं एक पाणी

पांढरमाळ, १९ मार्च १९७२

राहीस,

पत्राच्या सुरुवातीला बायकोला आशीर्वाद लिहायची रीत आहे. माझे आशीर्वाद तुला सध्या नको असतील, म्हणून नुसतं राही लिहितो.

हे तुला शालनताई वाचून दाखवणार, हे मानसिंगनं कळवलंय. शालनताई, तुमची माझी ओळख नाही. तुमच्या मालकांच्या सांगलीतल्या हळदीच्या वखारीत माझी बायको हळकुंडं निवडते आणि तिचा भाऊ मानसिंग पोती उचलतो, एवढंच मला ठाऊक. नवरा-बायकोतलं तुम्हाला मोठ्यानं वाचावं लागणार, त्याबद्दल माफी असावी. पलटणीत आमची पत्रं आधी साहेब लोक वाचत आणि मग घरी जात. त्यामुळे तिसऱ्या माणसासमोर बायकोशी बोलायची मला सवय आहे.

राही, तू गेलीस त्याला आज सतरा दिवस झाले. तांबडी गाय तू नसलीस की पान्हा चोरते, हे मी विसरलो होतो. भाकरी मी थापतो, पण ती नकाशावरच्या मुलखासारखी होते, एकीकडं घाट आणि एकीकडं समुद्र. विहिरीला पाणी आहे. गावातल्या बाकीच्या आटल्या. सकाळी पंचवीस-तीस बायका आपल्या विहिरीवर येतात. मी ओट्यावर बसलेला असतो. त्या येतात, शेंदतात, जातात. एकही बाई माझ्याकडं मान वळवत नाही. परवा बयाबाईची घागर निसटली, मी धावत जाऊन धरली. तिनं घागर घेतली आणि त्यातलं पाणी ओतून दुसरं भरलं.

गावाचा राग मला समजतो, पण माझा गुन्हा काय? शालनताई, तुम्ही शहरातल्या, म्हणून सांगतो. पीक तयार झालं की सरकारी माणसं येतात, दोन-तीन रानांत दोरीनं एकेक गुंठा आखतात, तेवढीच कणसं कापून मळून वजन करतात. त्यावरून अख्ख्या गावाचं पीक सोळा आण्यांतलं किती आणे, ते ठरतं. सहा आण्यांच्या आत आलं तर दुष्काळ. मग शेतसारा थांबतो आणि गावात सरकारी काम निघतं. वर आलं तर गाव सुखी, सरकार सुखी.

यंदा दोन रानांत गुंठ्याला तीन आणि चार किलो शाळू निघाला. माझ्या रानात बावीस. सरासरी आठ आणे झाली आणि पांढरमाळ यादीतून गेलं. आमच्या ओढ्यावर पाझर तलावाची मोजणी होऊन तांबडी निशाणं लागली होती, ती उपटून जीपमध्ये टाकून नेली.

आमचे सरपंच तात्याबा आदल्या दिवशी मला म्हणाले होते, "हवालदार, खालचं रान दावू नका. वरचं मुरमाड दावा. गाव तुमच्या हातात हाय." मी म्हणालो, सरकारी माणूस दारात आला तर त्याला काय फोलपटं दाखवू? अठरा वर्षं नोकरी केली, खोटी हजेरी कधी लावली नाही. जे रानात होतं ते दाखवलं. मला त्याची लाज नाही.

तू का गेलीस ते मात्र मला कळलं नाही. तुझी बहीण बनुबाई कोयता घेऊन फलटणच्या बाजूला ऊस तोडायला गेली, तिच्या दाराला कुलूप लागलं, आणि त्याच दुपारी तू पिशवी भरलीस. परत कधी येतेस ते कळव.

लालासाहेब


पांढरमाळ, ११ एप्रिल १९७२

राहीस,

शालनताईंच्या हातचं कार्ड मिळालं. अक्षर मोत्यासारखं, आणि मजकूर एकच ओळ: "शाळूला पाणी दिलं होतं का नव्हतं, ते आधी लिहा, मग बाकीचं विचारा."

कार्ड नऊ दिवस खिशात घेऊन फिरलो. चार वेळा कागद घेतला आणि चार वेळा पावसापाण्याचं लिहून फाडला. मागच्या पत्रात मोठ्या तोऱ्यात लिहून बसलो ना, खोटी हजेरी लावली नाही म्हणून. तुला ते वाचून दाखवताना शालनताईंना तुझं तोंड दिसलंच असेल.

दिलं होतं. शालनताई, हे स्पष्ट वाचा. शाळूला पाणी दिलं होतं.

म्हसवडला देवदिवाळीला सिद्धनाथाचा रथ असतो. गाव झाडून जातं, म्हातारी माणसंसुद्धा गाडीत घालून नेतात. राहीनं ह्या खेपेला रथाला जायचं म्हणून नवं लुगडं काढून ठेवलं होतं. मी म्हणालो, यंदा नको. विहिरीला नुकतंच पाणी लागलं होतं. त्या तीन दिवसांत आमची वस्ती सोडून माळावर चिटपाखरू नव्हतं. मी मोट धरली आणि हिनं दारं धरली. दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फावड्यानं वळवणं. तीन दिवस ही गुडघाभर चिखलात होती. हिचे पाय उलले, तेव्हा मी म्हणालो, "कुणाला सांगू नगंस." हिनं विचारलं, "का?" मी उत्तर दिलं नाही.

आता देतो. मी पीकस्पर्धेत नाव घातलं होतं. नुसत्या पावसावरच्या शाळूची स्पर्धा. पहिल्या नंबराला साताऱ्यात सगळ्यांदेखत फेटा बांधतात. पेन्शनीत आल्यापासून मला कुणी सलाम केला नव्हता, राही. पलटणीत माझ्या एका हाकेवर तीस माणसं उभी राहत. इथं मी म्हणजे डोंगरापलीकडच्या वस्तीवरचा, जरा तिरसट, हवालदार. मला तो फेटा हवा होता. ह्यापेक्षा मोठं कारण शोधलं, सापडलं नाही.

दोरी घेऊन सर्कलसाहेब आले तेव्हा मागं सभापतींची जीप होती. तालुक्याचे सभापती स्वतः बांधावर उतरले आणि म्हणाले, "हवालदार, असा शेतकरी गावागावात पायजे." मी फुगलो. सर्कलसाहेबांनी वही उघडून विचारलं, "पाणी दिलंय का?" पाणी दिलेलं रान ह्या मोजणीत धरतच नाहीत, म्हणून ते विचारायचंच असतं. मी म्हणालो, "नाही साहेब. पावसावरचं आहे."

तू चुलीपुढून उठून दारात आली होतीस. मी तुझ्याकडं बघितलं नाही. पण तू आहेस हे मला माहीत होतं.

फेटा मिळाला. पेटीत आहे. मी तो अजून एकदाही बाहेर काढला नाही.

गावाला वाटतं, मी खरं बोलून गाव बुडवलं. तात्याबा शिव्या देतात, पण शेवटी म्हणतात, "माणूस खरा हाय, त्येचंच वाईट." एवढी एकच गोष्ट माझ्याजवळ उरली आहे आणि तीसुद्धा खोटी आहे.

लालासाहेब


पांढरमाळ, २२ मे १९७२

राहीस,

बनुबाई परत आली. मानसिंगनं तुला सांगितलं असेल, नसेल तर मीच सांगतो. उसाच्या फडात कोयता निसटला आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. मी भेटायला गेलो. ती माझ्याशी बोलली, गावात पहिलीच. म्हणाली, "दाजी, मोळी बांधाय येत न्हाई आता. बाकी समदं येतंय." मग चहा करायला उठली. मी तो चहा कसा प्यालो ते मला विचारू नकोस.

तिथून तडक म्हसवडला गेलो आणि सभापतींच्या पुढ्यात उभा राहिलो. म्हणालो, साहेब, माझ्या रानाची मोजणी चुकीची आहे, मी पाणी दिलेलं होतं, गावाला यादीत घ्या. मला वाटलं होतं ते चिडतील. ते हसले. खुर्ची दिली.

"हवालदार, बसा. मला काय म्हाईत न्हवतं व्हय? एवढा हिरवागार शाळू पावसावर येतोय? माझा बाप शेतकरीच हुता."

मी म्हणालो, मग तेव्हाच का नाही बोललात?

"तुमी लढाई बघितली, ह्ये न्हाई बघितलं. मी तिकडं कारखान्यावर संचालक हाय. यंदा तोडणीला माणूस मिळंना. मे उजाडला तरी ऊस रानात वाळतोय. तुमच्या पांढरमाळात तलावाचं काम काढलं असतं तर कोयता धराय कोण आलं असतं? घरच्या घरी मजुरी मिळाल्यावर कोण पाचटात झोपायला येतंय? आन् दुसरं, मागल्या खेपंला तुमच्या गावानं माझ्या पेटीत मतं टाकली किती? चौदा. मी मोजून ठेवलीत. तलाव माझ्या मतदारांच्या गावाला गेला. ह्यात तुमचा शाळू नुसतं निमित्त. तुमचा नसता तर दुसऱ्याचा शोधला असता."

राही, मला वाटलं होतं माझ्या एका खोट्यानं गाव बुडालं. तिथं कळलं की गाव बुडवायचं आधीच ठरलं होतं. त्यांना फक्त एक गर्विष्ठ माणूस हवा होता आणि तो मी निघालो. हे कळल्यावर माझं ओझं हलकं व्हायला पाहिजे होतं. झालं नाही. उलट आपण कुणाच्या तरी हातातलं फावडं होतो, हेच जास्त लागलं.

निघताना ते म्हणाले, "लेखी देऊ नका बरं का. खोटी माहिती दिली म्हणून तुमच्यावरच येईल." म्हणून लेखीच दिलं. साताऱ्याला मोठ्या कचेरीत अर्ज टाकला: अमुक नंबरच्या रानाला पाणी दिलं होतं, मी खोटं सांगितलं, मोजणी रद्द करावी. तिथला कारकून म्हणाला, नुसत्या अर्जावर होत नाही, पाणी देताना पाहिलेला साक्षीदार आणा. मी म्हणालो, साहेब, सगळं गाव रथाला गेलं होतं. तो म्हणाला, मग कसं व्हायचं?

साक्षीदार एकच आहे. तो हळकुंडं निवडतो.

९ जूनला सकाळी अकराला साताऱ्यात सुनावणी ठेवली आहे. मी तुला ये म्हणत नाही. मला ये म्हणायचा हक्क नाही. माझ्यासाठी येऊ नकोस. बनुबाईसाठी यावंसं वाटलं तर ये. शालनताई, तिला कचेरी कुठं ते समजावून सांगा. स्टँडवर उतरून कुणालाही विचारलं तरी दाखवतील.

लालासाहेब


पांढरमाळ, १२ जून १९७२

राहीस,

तू आलीस.

मी साडेआठपासून कचेरीच्या दारात उभा होतो. साडेदहाला तू मानसिंगबरोबर आलीस. हाताला हळदीचा रंग, नखांत पिवळं. लग्नाच्या आदल्या दिवशी तुझे हात तसे होते, हे मला आठवलं आणि मी भिंतीकडं तोंड केलं. तू माझ्यासमोरून आत गेलीस. पदर नीट केलास. माझ्याकडं बघितलं नाहीस.

साहेब तरुण होता, घाईत होता. त्यानं विचारलं, "बाई, तुमच्या नवऱ्यानं शाळूला पाणी दिलं होतं?"

तू म्हणालीस, "व्हय. मोट त्यांनी धरली, दारं मी धरली. तीन दिस. गाव रथाला गेलं हुतं."

"मग मोजणीच्या वेळी तुम्ही का बोलला नाहीत? तुम्ही तिथंच होता ना?"

"मला कुणी इचारलंच न्हाई साहेब. त्यांना इचारलं."

साहेबानं मान वर करून पहिल्यांदा तुझ्याकडं नीट बघितलं. अठरा वर्षं पलटणीत काढली, साहेबासमोर इतक्या सरळ आवाजात बोललेलं माणूस मी क्वचित पाहिलं. तू शाई लावून अंगठा दिलास आणि शाईचं बोट भिंतीला न पुसता आपल्या पदराला पुसलंस.

स्टँडवर मी तुमच्या मागं दहा पावलांवर चालत होतो. मानसिंगनं दोनदा वळून पाहिलं, त्याला माझी दया आली असावी. चहा घेतेस का, असं मी विचारलं. तू ऐकलं नाहीस, किंवा ऐकलंस. गाडी लागली. मी खिडकीशी येऊन उभा राहिलो. कंडक्टर आला तेव्हा तू म्हणालीस, "सांगली, दोन."

त्या दिवसात तुझ्या तोंडून माझ्या वाट्याला आलेले तेवढेच शब्द, आणि तेही कंडक्टरला. मी म्हसवडच्या गाडीत बसलो. शेजारच्यानं विचारलं, "एकलंच?" मी म्हणालो, हो.

पाऊस नाही. ढग येतात आणि कर्नाटकाकडं निघून जातात.

लालासाहेब


पांढरमाळ, ७ ऑगस्ट १९७२

राहीस,

मानसिंगचं कार्ड चार दिवसांपूर्वी आलं. त्यानं लिहिलंय: गाव यादीत आल्याचं राहीला कळलं. राही म्हणते, आपल्या अंगठ्यानं गाव तरलं, बनुला गावातच काम मिळालं, आता घरी जायला मन घेतंय. पुढच्या शुक्रवारच्या गाडीनं येते.

ते कार्ड मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. घर सारवून घेतलं. तांबडीला सांगितलं. मग आज सकाळी हे पत्र लिहायला बसलो, कारण शुक्रवारच्या आत ते तुला मिळालं पाहिजे. शालनताई, पुढचं काही गाळू नका. तुम्हाला वाटेल, ह्या माणसाला अक्कल नाही. तरी गाळू नका.

गाव यादीत आलं, खरं आहे. तलावाचं काम सुरू झालं, सव्वाशे माणसं माती टाकतात, बनुबाई पाटी उचलते. गाव माझ्याशी बोलायला लागलं. तात्याबा घरी येऊन म्हणाले, "हवालदार, झालं गेलं गंगेला मिळालं. तुमच्यासारखा खरा माणूस पायजे गावाला." बयाबाईनं वाटीभर हुलग्याचं माडगं पाठवलं. म्हणजे माझ्या अर्जातली कबुली गावाला ठाऊकच नव्हती. मला वाटलं, साताऱ्याला जाऊन सुनावणीच्या निकालाची नक्कल घ्यावी, म्हणजे तुला दाखवता येईल.

कारकून भला होता. त्यानं दोन्ही कागद पुढ्यात ठेवले. एक, गावाला यादीत घेतल्याचा हुकूम. दुसरा, माझा अर्ज, त्याला टाचणीनं लावलेला तुझा जबाब आणि खाली तुझा अंगठा. अर्जावर कुणाची सही नाही, शेरा नाही. त्या तरुण साहेबाची बदली झाली आणि कागद तसाच गठ्ठ्यात राहिला. हुकुमावर तारीख आहे ३ जून. तुझा अंगठा ९ जूनचा.

तू सांगलीहून निघायच्या सहा दिवस आधी सगळं ठरलं होतं, राही.

कसं ठरलं तेही सांगतो. झेडपीची निवडणूक तोंडावर होती. तात्याबांनी मेच्या अखेरीस म्हसवडला जाऊन सभापतींच्या गळ्यात हार घातला आणि पांढरमाळची सगळी मतं त्यांच्या माणसाला द्यायचं कबूल केलं. तोवर तोडणीचा हंगामही संपला होता, कारखान्याला कोयते नको होते. चौथ्या दिवशी हुकूम निघाला. कुठल्या रानात किती शाळू आला, पाणी दिलं की नाही, मी खोटं बोललो की खरं, हे त्यात कुणी बघितलं नाही. खोटं त्यांना एकदा उपयोगी पडलं, म्हणून त्यांनी ते घेतलं. आपल्या खऱ्याची त्यांना गरज लागली नाही.

तुझा अंगठा फुकट गेला. मला हे वाक्य लिहायला फार जड गेलं.

गप्प बसलो असतो तर चाललं असतं. गाव मला खरा माणूस म्हणतंय. तू मला माणसात आलेला समजून शुक्रवारी येणार होतीस. दोन्ही हातांत लाडू. पण कचेरीतून परत येताना गाडीत मला सारखी तू दारात उभी दिसत होतीस, आणि सर्कलसाहेब वही उघडून विचारतोय, पाणी दिलंय का.

म्हणून परवा चावडीत गेलो. मजुरी वाटायचा दिवस होता, सगळे होते. मी उभा राहून सांगितलं, शाळूला पाणी दिलं होतं, मी फेट्यासाठी खोटं बोललो. तात्याबा खेकसले, "अवं गप बसा की! समदं मिटलंय, आता कशाला उकराय लागलाय?" बनुबाई शेवटच्या रांगेत होती. ती आपल्या हाताकडं बघत राहिली आणि मग उठून गेली. चहा दिला होता तिनं मला, मेमध्ये. आता देणार नाही, आणि तिचं बरोबर आहे. काल सकाळपासून विहिरीवर बायका पुन्हा मुक्यानं पाणी शेंदतात.

तर राही, तू समजतेस तसं घर इथं नाही. गाव आपण वाचवलं नाही. गावात माझ्याशी कुणी बोलत नाही आणि तू आलीस तर तुझ्याशीही थोडे दिवस बोलणार नाहीत. विहिरीत पाणी चार परस खाली गेलंय. तुझा नवरा फेट्याला भुललेला माणूस आहे आणि त्यानं हे सगळं आपल्या तोंडानं कबूल केलं, एवढंच काय ते नवीन.

मला तू हवी आहेस. हे ह्याआधीच्या एकाही पत्रात मी लिहिलं नाही, शालनताईंची लाज वाटत होती. आता त्यांच्या तोंडूनच ऐक.

शालनताई, पत्र वाचून झालं की तिचं तोंड कसं झालं ते मला कळवू नका.

शुक्रवारची गाडी म्हसवडला साडेचारला येते. मी स्टँडवर येणार नाही. मी समोर उभा दिसलो तर तुला उतरावंच लागेल.

लालासाहेब